सोडियम कशात ठेवतात

दहावीच्या विज्ञानाचे पेपर तपासायला कटंगीच्या शाळेतल्या उमाबाई बालाघाटच्या केंद्रावर आल्या, तेव्हा एप्रिल चांगलाच तापला होता. भोपाळहून आलेल्या आदर्श उत्तरांच्या कागदात रसायनाचा पहिलाच प्रश्न होता: सोडियम कशात ठेवतात? खाली उत्तर छापलं होतं: पाण्यात.

छापणाऱ्याने घोळ घातला असेल, असं समजून त्या कागद घेऊन केंद्रप्रमुखांकडे गेल्या. दुलीचंद सर नागरिकशास्त्राचे.

"सर, सोडियम रॉकेलात ठेवतात. पाण्यात टाकलं तर पेट घेतं."

"म्याडम, कागदावर जल लिहून हाये. अन् कागद भोपालहून आला हाये."

"तिथं चूक झाली असेल."

"कागद नाही चुकत, माणूस चुकते. रॉकेलवाल्याले शून्य द्या."

उमाबाईंच्या गठ्ठ्यात रॉकेलवालेच जास्त होते. शून्य लिहायला हात धजेना. केंद्र एका शाळेतच होतं; त्या तडक तिथल्या प्रयोगशाळेत गेल्या. सोडियमच्या बाटलीतून डाळीएवढा तुकडा चिमट्यात धरून आणला.

"सर, जरा मागं सरका," म्हणत त्यांनी तो सरांच्या टेबलावरच्या पाणी भरलेल्या काचेच्या पेल्यात सोडला.

तुकडा फुसफुसत पाण्यावर गरगर फिरला, भडकला आणि फट्‌कन पेला तडकला. सर खुर्चीसकट भिंतीला टेकले. पाणी टेबलावरून ओघळत खाली चाललं.

सर शर्ट झटकत म्हणाले, "हे तुमच्या सोडियमचं झालं, म्याडम. परीक्षेतलं सोडियम अलग असंल."

तरी त्यांनी भोपाळला फोन लावला. संध्याकाळी हुकूम आला: दोन्ही उत्तरं बरोबर धरावीत.

पोरांचं नुकसान टळलं, म्हणून उमाबाईंचा जीव भांड्यात पडला. पण पुढच्याच पेपरात एकाने लिहिलं होतं, "आधा पानी में, आधा मिट्टी के तेल में." हुकमाप्रमाणे त्याचंही बरोबर. उमाबाईंनी डोळे मिटून पूर्ण गुण दिले.

दुसऱ्या दिवशी हॉलच्या दारावर सूचना लागली. कालच्या घटनेची गंभीर दखल घेऊन परीक्षकांना टेबलाशी पाणी नेण्यास मनाई करण्यात येत होती. सोडियमबद्दल त्यात अक्षर नव्हतं.

दुपारी शेजारच्या टेबलावरचे तेजराम मास्तर तहानेने कासावीस होऊन उठले.

"काहून केला तो प्रयोग, बाई? आता घोटभर पाण्यासाठी दोन माळे उतरा लागते."

उमाबाईही पेन ठेवून त्यांच्यामागे निघाल्या. त्यांचाही घसा कोरडा पडला होता.