फ्रीझरमधलं बेअरिंग

पप्पांनी गाडीला पाच वाजेपर्यंतची मुदत दिली होती. मागच्या चाकाची घरघर तोवर थांबली तर गाडी आपली. नाहीतर पाच वाजता जूचंद्रचे हरिश्चंद्र येणार आणि ती विकत घेऊन जाणार. माझे पप्पा, ऑगस्टीन, शब्दाचे पक्के. एकदा बोलले की बोलले.

गॅरेजवाला आठवडाभर नंबर देत नव्हता. म्हणून मी, सातवीच्या मुलांना गणित शिकवणारी लविना, शनिवारी सकाळी सांडोरच्या आमच्या अंगणात पाने-हातोडे मांडून बसले.

"कशाला खटाटोप?" पप्पा खुर्चीतून म्हणाले. "मला आता जायचं कुठे असतं?"

हेच मला खुपत होतं. गुडघे गेल्यापासून केळीच्या वाडीपर्यंतसुद्धा ते गाडीनेच जायचे. गाडी गेली की ते त्या खुर्चीला चिकटणार, हे मला लख्ख दिसत होतं. मी कुणाचं ऐकणार नव्हते.

चाक जमिनीवर असतानाच मधला नट ढिला करायचा होता. पान्याच्या दांड्यात लोखंडी पाइप घालून मी वर अक्षरशः उभी राहिले. नट हलला आणि मी ओरडलेच! पप्पा नको नको म्हणत खुर्ची पुढे सरकवत होते. गाडी जॅकने उचलून लोखंडी घोडीवर टेकवली, चाक काढलं, ब्रेकचा ड्रम ओढून काढला, तेव्हा ते स्वतः वाकून आत बघत होते.

घरघर ड्रममधल्या झिजलेल्या बेअरिंगांची होती. नवीन दोन मी विरारहून आदल्या दिवशीच आणून फ्रीझरमध्ये ठेवली होती. थंडीने लोखंड केसभर आकसतं आणि ड्रममध्ये सहज बसतं. मासळीचा वास लागू नये म्हणून पिशवीत घालून वर कागदही गुंडाळला. एवढी हुशार मी!

जेवून पप्पा आडवे झाले. मी घरामागे विहिरीपाशी ड्रम पालथा घालून छन्नी-हातोड्याने जुनी बेअरिंगं ठोकून काढत बसले. पहिलं तासाभराने निघालं. दुसरं बाहेर पडलं तेव्हा साडेतीन झाले होते. धावत जाऊन फ्रीझरमधून पुडकं काढलं, सोडलं, आणि आत कोलंबी. दुसऱ्यात कोलंबी. तिसऱ्यात बोंबील.

"आई! माझं पुडकं?"

आईचं, क्लेमेंटीनचं, तोंड पाहण्यासारखं झालं. "अगं, हरिश्चंद्र दोन वाजता येऊन गेला ना. या बाजूला आलो होतो, गाडीवर नजर टाकतो म्हणाला. चहा दिला, केक दिला... आणि रिकाम्या हाताने कसा पाठवायचा? कोलंबीचं एक पुडकं दिलं."

आमच्या घरातून कुणी रिकाम्या हाताने जात नाही. वीजबिलवाला जात नाही, मग गाडीचं गिऱ्हाईक कसं जाईल? हातापाया पडायचं की डोकं आपटायचं, मला कळेना. फोन लावला.

"ताई, मीच करनार होतो फोन!" हरिश्चंद्र पलीकडून ओरडले. "बायकोने कालवनाला पानी ठेवलं, पुडकं सोडलं, तर लोखंड! आता म्हनते, हेच खा."

"पाचच्या आत आणाल?"

मुदतीचं त्यांनाही माहीत होतं. सहाला आले असते तर गाडी त्यांची होती. मी त्यांच्या जागी असते तर टायर पंक्चर झालाय असं सांगितलं असतं, खोटं कशाला बोलू?

"निघालो," ते म्हणाले.

चार पंचवीसला त्यांची स्कूटर फाटकातून आत आली. पण बेअरिंगं उन्हाने कोमट झालेली. पुन्हा गार व्हायला वेळ कुठे होता? तेव्हा आई म्हणाली, "बेअरिंग लहान होत नाही, तर ड्रम मोठा कर. दे इकडे."

आणि तिने आपल्या ओव्हनचं दार उघडलं. तो ओव्हन म्हणजे देवघर; केकशिवाय त्यात काही जात नसे. मी ड्रम साबणाने तीनदा धुऊन, पुसून आत ठेवला. अंगणात आम्ही चौघं घड्याळाकडे बघत उभे, आणि घरभर तापल्या लोखंडाचा वास.

ड्रम बाहेर आला. जाड हातमोजे घालून मी बेअरिंग तोंडाशी धरलं आणि सोडलं. टक! तळाला जाऊन बसलं, हातोडासुद्धा लागला नाही. मधली नळी घातली, उलट बाजूने दुसरंही तसंच. मला नाचावंसं वाटलं. हरिश्चंद्रांनी चाक उचलून आणलं, पप्पा एकेक नट माझ्या हातात देत होते.

पप्पा माझ्याशेजारी बसले, हरिश्चंद्र मागे, बरोबर त्या चाकावर कान लावून. रस्त्याला लागलो. तीस, चाळीस, पन्नास. इंजिनाशिवाय कशाचाही आवाज नाही!

"गेली घरघर!" मी ओरडले.

पप्पांनी मनगट वर केलं. "पाच वाजून बारा मिनिटं झाली. शब्द तो शब्द."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अंगणात येऊन गाडी थांबवली, पण चावी फिरवून काढायचं धाडस होईना.

मागून हरिश्चंद्र खाकरले. "अंकल, मी आवाजाची गाडी ठरवली होती. ती तर हितं दिसत नाय. मग मी कशी नेनार?" ते खाली उतरले. "आंटी, माझी कोलंबी तेवढी द्या."

आई धावतच आत गेली. पप्पा मात्र उतरले नाहीत. त्यांनी खिडकीची काच खाली केली आणि समोर बघत म्हणाले, "लविना, वाडीपर्यंत जाऊन येऊ. केळी बघायची आहेत."

आईने पुडकं आणून हरिश्चंद्रांच्या हातात ठेवलं. त्यांनी ते फाटकाशी उघडलं, आत नीट डोकावून पाहिलं, आणि मगच स्कूटरला किक मारली.