चौदा मुद्दे आणि एक फोन

पंडित नारखेडे सरांचं घर म्हणजे जळगावच्या त्या गल्लीचं टेलिफोन ऑफिसच होतं. नऊ घरांच्या गल्लीत फोन एकट्या सरांकडे. त्यामुळे बाकीच्या आठ घरांनी पाहुण्यारावळ्यांना सरांचाच नंबर देऊन ठेवला होता, पुढे 'पी.पी.' अशी दोन अक्षरं लावून. कुणाचा भाऊ सुरतेहून बोलायचा, कुणाचा जावई साक्रीहून. फोन वाजला की सरांच्या पत्नी सुनंदाबाई ओट्यावर येऊन हाक मारत, आणि कुणीतरी पिठाचे हात पदराला पुसत धावत येई. शेजारधर्म असाच असतो, असं म्हणून सगळे तो पाळत होते.

मग नव्व्याण्णव साली सरांच्या घरात इंटरनेट आलं. मुलगा शिकायला पुण्याला गेला आणि जाताना आपला जुना कॉम्प्युटर फोनच्या तारेला जोडून देऊन गेला. कॉम्प्युटर जोडलेला असेतोवर बाहेरून फोन करणाऱ्याला लाइन व्यस्त लागायची. हे सरांना माहीत होतं, सुनंदाबाईंना माहीत होतं. गल्लीला माहीत नव्हतं.

सर ज्युनियर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत. पोरं मागच्या बाकावर डुलक्या घेत आणि सर पुढे बोलत राहत. सत्तावीस वर्षं असं बोलून बोलून माणूस थकतो. ऐकून घेणारं कुणीतरी असावं, एवढीच त्यांची इच्छा होती. इंटरनेटवर त्यांना क्रिकेटच्या गप्पांचा एक फळा सापडला. तिथे पुण्या-मुंबईचे, अमेरिकेतले मराठी लोक इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून भांडत. सरांनी पहिल्याच दिवशी दीड पान लिहिलं. नमनालाच घडाभर तेल! महिन्याभरात तिथल्या सगळ्यांना कळलं की जळगावचे सर एकदा सुरू झाले की आवरत नाहीत, आणि शेवटचा शब्द दुसऱ्याला देत नाहीत.

त्या आठवड्यात वाद पेटला होता तो एका फलंदाजावरून. बॅटची कड लागून झेल गेला होता. पंचांना आवाज ऐकू आला नाही, आणि फलंदाज साळसूदपणे उभा राहिला. सरांचं म्हणणं होतं की आपण बाद आहोत हे कळल्यावर पंचांकडे न बघता चालू लागावं, ती खरी सभ्यता. म्हणणं चांगलंच होतं. पण चांगलं म्हणणंसुद्धा बारा वेळा सांगितलं की लोकांच्या अंगावर येतं.

शुक्रवारी दुपारी शेजारची निर्मला सरांकडे आली. ती छगन नानांची नात. वडील गेल्यापासून नानांच्या पेन्शनवर आणि तिच्या शिकवण्यांवर घर चाललं होतं. बी.एड. होऊन तिला तीन वर्षं झाली होती. धुळ्याच्या एका शाळेत रजेच्या जागेसाठी तिची मुलाखत झाली होती.

"सर, आज चार ते पाचच्या मध्ये शाळेचा फोन येणार आहे," ती म्हणाली. "लगेच होकार द्यायचा, नाहीतर यादीतल्या पुढच्या बाईंना घेणार. सोमवारी रुजू व्हायचंय."

"तू निर्धास्त जा. आला की हाक मारतो," सर म्हणाले.

सुनंदाबाई रावेरला लग्नाला गेल्या होत्या. त्या असत्या तर पुढचं घडलं नसतं.

साडेतीन वाजता सरांनी कॉम्प्युटर जोडला. कुणी काय लिहिलंय तेवढं बघायचं आणि बंद करायचं, असं त्यांनी स्वतःला बजावलं होतं. कुणा 'सातारकर'ने एकच ओळ लिहिली होती: "सर, तुम्ही स्वतः कधी असे चालू लागला आहात का?"

सरांच्या मस्तकात तिडीक गेली. त्यांनी मुद्दा क्रमांक एक लिहायला घेतला. लिहितानाही तार जोडलेलीच ठेवावी लागते, असा त्यांचा समज होता. मुलाने एवढ्या खोलात शिकवलं नव्हतं. सहावा मुद्दा झाला तेव्हा चार वाजले होते. आता अर्ध्यावर सोडलं तर लिहिलेलं सगळं जाईल आणि सातारकर म्हणेल, सर पळाले.

पावणेपाचला निर्मला दारात आली. तिने नवं पातळ नेसलं होतं. फोनवर कुणाला दिसणार होतं, पण नेसलं होतं.

"सर, आला नाही ना अजून?"

"आला की हाक मारतो म्हटलं ना," सर मान वर न करता म्हणाले.

ती परत गेली. चौदावा मुद्दा पाच वाजून दहा मिनिटांनी संपला.

फोन आलाच नाही म्हणून शनिवारी सकाळच्या एस.टी.ने निर्मला स्वतःच धुळ्याला गेली. संध्याकाळी परत आली ती ओट्यावरच बसली. सर विचारायला गेले.

"मुख्याध्यापकांनी चारपासून सहा वेळा लावला म्हणे. व्यस्तच लागत होता. मग त्यांनी पुढच्या बाईंना घेतलं," ती म्हणाली. "लाइन खराब असेल, सर. तुम्ही तरी काय करणार?"

सर 'हो' म्हणाले. नुसतं 'हो'. सत्तावीस वर्षांत ते एवढं कमी कधी बोलले नव्हते.

घरी येऊन त्यांनी सवयीने कॉम्प्युटर जोडला. चौदा मुद्द्यांखाली सातारकरने उत्तर दिलं होतं: "सर, एवढं कोण वाचतं? माझा प्रश्न साधा होता. हो की नाही, तेवढं सांगा."

म्हणजे कुणी वाचलंच नव्हतं! एका मुलीची नोकरी गेली ती कुणीही न वाचलेल्या चौदा मुद्द्यांपायी! सरांनी तार काढली आणि तसेच अनवाणी नानांच्या ओट्यावर गेले.

"निर्मला, लाइन खराब नव्हती," ते म्हणाले. "साडेतीन ते पाच-दहापर्यंत मी कॉम्प्युटरवर क्रिकेटचा वाद घालत होतो. तो चालू असला की फोन लागत नाही. हे मला माहीत होतं. तू दारात आलीस तेव्हाही माहीत होतं."

निर्मलाने त्यांच्याकडे पाहिलं. मग उठून आत गेली.

छगन नाना ओट्यावरच टेकून बसले होते. जळगावच्या मैदानावर त्यांनी तीस वर्षं अंपायरगिरी केली होती.

"पोर काल रातनी जेवनी नही," ते म्हणाले. "खरं सांगं तुम्ही, हाई चांगलं करं. पन जे गयं ते गयं."

"नाना, मी तिथे चांगुलपणाच सांगत होतो हो." सर ओट्यावर टेकले आणि सातारकरचा प्रश्न, आपले चौदा मुद्दे, सगळं त्यांनी नानांना सांगितलं.

"सांगा ना, कोन नही म्हनस? पन सर, अपील एकदाच करानी ऱ्हास. एकदा बोलानं आनि गप्प ऱ्हावानं. जो घडीघडी वरडस, तेनं खरं बी खोटं वाटस." नाना सरांकडे वळले. "तो मानूस तुमले एकच गोट इचारी ऱ्हायंता. तुम्ही ती आयकीच नही. आनि दारमा पोर उभी व्हती, ती बी तुमले दिसनी नही. बोलनारा तं सगळाच, सर. आयकनारा कोन?"

 सोमवारी सर निर्मलेला घेऊन धुळ्याला गेले आणि मुख्याध्यापकांपुढे आपली चूक कबूल केली. मुख्याध्यापकांनी चहा दिला. जागा भरली होती.

त्या संध्याकाळी सरांनी सातारकरला उत्तर लिहिलं. आधी कागदावर लिहिलं, मग तार जोडून दोन मिनिटांत पाठवलं: "परवापर्यंत नाही. तुमचा प्रश्न नीट वाचला नाही, माफ करा." आयुष्यात प्रथमच शेवटचा शब्द दुसऱ्यासाठी सोडून त्यांनी तार काढली. गल्लीतल्या आठही घरी जाऊन, कॉम्प्युटर चालू असताना फोन का लागत नाही तेही समजावून सांगितलं. त्यापुढे तो रोज सकाळी पंधरा मिनिटंच जोडायचा, असं ठरवून टाकलं.

वाचकहो, वाद घालू नये असं कोण म्हणेल? क्रिकेटवर वाद घालणार नाही तो माणूस कसला! पण समोरच्याने काय विचारलंय ते आधी वाचावं, आपलं म्हणणं एकदाच आणि थोडक्यात सांगावं, आणि तेवढ्या वेळात आपल्या दारात कोण ताटकळत उभं आहे तेही बघावं. आपण सभ्यतेवर चौदा मुद्दे लिहितो, आणि जिच्याशी सभ्यतेने वागायचं तिच्याकडे मान वर करून बघतही नाही. हा दोष नारखेडे सरांचाच आहे, असं समजून कुणी सुटू नये.

पुढच्या महिन्यात पारोळ्याच्या शाळेची जाहिरात आली. निर्मला अर्ज तपासून घ्यायला सरांकडेच आली. तिचं बोलणं नेहमीसारखं होतं, राग कुठे दिसत नव्हता. सरांनी अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला. फोनच्या रकान्यात तिने गल्लीबाहेर, कोपऱ्यावरच्या रतिलालच्या किराणा दुकानाचा नंबर लिहिला होता.

सरांनी तो नंबर दोनदा वाचला. "बरोबर आहे," एवढंच म्हणाले आणि अर्ज तिच्या हातात दिला.