बँडच्या गणवेशांचा दाखला

शेजारच्या ब्रोनियामावशीच्या तळघरात सरकारी माणूस हवा तपासायला एक पत्र्याचा डबा ठेवून गेला. मावशीने त्यावर भरतकामाचा रुमाल घातला. "पाहुणा आहे, उघडा काय ठेवायचा," म्हणाली. आठवड्याची मेहनत वाया गेली, दुसरा डबा आणावा लागला.

दुसऱ्या डब्याने खरं सांगितलं. आमच्या दुकानामागे जमिनीत मुरलेलं पर्क, म्हणजे ड्रायक्लीनिंगचं रसायन, वाफ होऊन तिच्या घरात चढत होतं. एक्क्याऐंशी वर्षांची मावशी त्याच तळघरात लोणच्याच्या बरण्या ठेवते आणि त्याच्या वरच्या खोलीत झोपते.

दुकान माझ्या वडिलांचं, लुत्सियान यांचं. अमेरिकेतल्या साउथ बेंड गावच्या अर्ध्या पोलिश वस्तीचे लग्नाचे सूट त्यांच्या हातांखालून गेले. मावशी एकोणीस वर्षं त्यांच्याकडे इस्त्रीला होती. बाबांमागे मी दुकान चालवलं. आता गुडघे नाही म्हणतात, म्हणून विकायला काढलं, तर गिऱ्हाइकाच्या बँकेने जमीन तपासली आणि हे सगळं वर आलं. जमीन साफ करायचा खर्च दुकानाच्या किमतीच्या तिप्पट. आणि सरकारचं पत्र: ऑक्टोबरअखेर काही सोय दिसली नाही, तर शेजारचं घर राहायला अयोग्य ठरवू.

"तोवर लेकीकडे जा ना, फ्लोरिडाला," मी मावशीला म्हटलं.

"फ्लोरिडात लोक मरायला जातात, हाल्का. मी मरायची सोय इथंच केलीय."

माझ्या वकिलाने ओडेल नावाचा एक लांब मानेचा माणूस पाठवला. जुन्या विमा पॉलिसी हुडकणं हाच त्याचा धंदा. "बाई, सत्तर सालच्या पॉलिसीची मुदत संपली असेल," तो म्हणाला, "पण सत्तर साली जे नुकसान झालं, ते तिच्याच पदरात. आताच्या पॉलिसींत प्रदूषण वगळलेलं असतं. तेव्हा नसायचं. फक्त कागद हवा."

कागद कुठला! नवी पॉलिसी आली की बाबा जुनी बॉयलरमध्ये टाकायचे. मेलेल्या माणसाचा पासपोर्ट कशाला जपायचा, म्हणायचे. विमा एजंटही कधीच वारला होता.

रविवारी मावशीकडे गेले आणि माझं रडगाणं गायले. ती पिठाच्या चकत्या कापत होती. मान वर न करताच म्हणाली, "कागद ना? शाळेत दर वर्षी मीच नेऊन द्यायचे की."

ऑगस्टमध्ये शाळेच्या बँडचे चौऱ्याऐंशी गणवेश आमच्याकडे धुवायला यायचे, सोनेरी झालरींसकट. दुकानाच्या विम्याचा दाखला टेबलावर पडल्याशिवाय तिथली कारकून एक टोपीसुद्धा सोडायची नाही.

शाळेच्या कोठीत, एका मोडक्या ढोलामागे, खोका सापडला. अडुसष्ट ते एकोणऐंशी, दर वर्षाचा एक दाखला, कंपनीचं नाव आणि पॉलिसीचा नंबर घेऊन बसलेला. ओडेलने हात लावण्याआधी हात पँटला पुसले. देवघरात शिरताना पुसावेत तसे.

मग त्याने पुढची अडचण सांगितली. या पॉलिसी दुसऱ्याचं नुकसान भरून देणाऱ्या. म्हणजे ज्याचं नुकसान झालं, त्याने दुकानावर लेखी दावा करायला हवा.

मी हे मावशीला तिच्या स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं. "मालकांवर दावा? मी?" तिने लाटणं खाली ठेवलं. "मेले तरी नाही."

"अगं, पैसे विमा कंपनी देणार. बाबांचं काय जातंय?"

"नाव जातं. नवरा पळाला तेव्हा गावाने मला नुसता उपदेश केला, त्या माणसाने काम दिलं. आणि आता मी लिहून देऊ, लुत्सियानने माझं घर नासवलं?"

दहाच्या कॉफीला यायची ती बंद झाली. तीन आठवडे. पडद्यामागून माझ्याकडे बघायची, मी बघितलं की पडदा स्थिर. मुदतीला नऊ दिवस उरले तेव्हा मी न विचारता तिच्या स्वयंपाकघरात जाऊन बसले.

"घर गेलं तर कुठे जाशील?"

तिने दंडाला धरून मला खिडकीशी नेलं. कुंपणापाशी जांभळ्या फुलांच्या लायलॅकचं झुडूप होतं, एका बाजूने कित्येक वर्षं वठलेलं.

"यंत्राच्या तळाचा पर्कचा गाळ दर शनिवारी मीच ओतायचे," ती म्हणाली. "मालक सांगायचे, कुंपणापासून लांब, पलीकडच्या खडीवर ओत. हिवाळ्यात तिथवर घोटाभर बर्फ. मी दारातूनच बादली कुंपणाकडे भिरकवायचे. हे झाड वाळलं तेव्हा मालक म्हणाले, कीड लागली असेल. मी गप्प बसले. आता नुकसान माझं, केलं मी, आणि दावा त्यांच्यावर?"

मी मग म्हटलं, "यंत्राच्या पुस्तिकेतच लिहिलंय मावशी, जमिनीवर ओता, उडून जाईल. लांब ओतलं असतंस तरी मुरलंच असतं."

"लायलॅक जगलं असतं."

मी पिशवीतून कागद-पेन काढून टेबलावर ठेवलं.

"लिही," ती शेवटी म्हणाली. "पण सगळं लिही. बादली माझी होती, हेपण."

मला भीती वाटली, यानेच दावा बुडणार. वकिलाने तिचं सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला: हे रसायन घरात शिरेल, याची तेव्हा कल्पना होती का?

"कल्पना असती तर लोणची तिथं ठेवली असती?"

वकिलाने ते वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं; नकळत झालेलं नुकसानच विमा भरून देतो, म्हणाला. मावशीने सही केली. दाव्याची प्रत दाखवल्यावर सरकारने मुदत वाढवली, आणि पुढच्या ऑगस्टमध्ये विमा कंपनी कबूल झाली. आता मावशीच्या भिंतीवरचा पंखा जमिनीखालची वाफ ओढून वर सोडतो. घरघर करतो म्हणून ती रोज मला बोलते.

पण सही केली त्याच आठवड्यात, एक नोव्हेंबरला, सगळी वस्ती कबरींवर दिवे लावायला गेली तेव्हा मावशी म्हणाली, "मालकांना सांगायला हवं. तू फाटकाशी थांब. हे आमच्या दोघांचं आहे."

मी थांबले. बाबांच्या कबरीवर दिवा लावून ती बराच वेळ उभी होती. परतली तेव्हा नाक लाल, थंडीने म्हणावं तर थंडीने.

"काय म्हणाले?"

"काय म्हणणार? कीड लागली असेल, म्हणाले." तिने माझ्या हातात हात अडकवला. "त्यांना माहीत होतं गं. जन्मभर डाग काढणाऱ्याला डाग कळत नाही होय?"