सदतीस भाऊ

प्रोग्रॅमनं चूक पोटात घालू नये, असं माझं ठाम मत होतं. हैदराबादेत तीन वर्षं नोकरी करून मी ते मत घेऊनच गावी, चिटगुप्प्याला परतलो. २००८ साली एका ट्रस्टच्या डोळ्यांच्या शिबिरासाठी नावनोंदणीचा प्रोग्रॅम लिहिला, तेव्हा त्यात ते पुरेपूर उतरवलं. जरा काही संशयास्पद दिसलं की लाल चौकट. लाल आलं की नोंद होत नाही, विषय संपला.

नोंदणीला बसणारी जगदेवी पहिल्याच दिवशी कुरकुरली होती. "अण्णा, लालच्या जागी पिवळं कर की. 'हे बरोबर हाय का' म्हणून नुसतं विचारंल, अन् पुढं जाऊ देईल."

"पिवळं कोण वाचतंय? न वाचताच बटण दाबत्यात सगळे."

ते खरंच होतं, म्हणून ती कामाला लागली. मला वाटलं, पटलं.

शिबिराची गाडी ऑपरेशनसाठी गुरुवारी सकाळी गुलबर्ग्याला निघणार होती. बुधवारी दुपारी राजेश्वर गावाहून बाणूबाई आली, मुलाचा, नागप्पाचा हात धरून. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. दाराजवळच्या रिकाम्या खुर्चीलाच तिनं रामराम घातला. सोबत येणाऱ्याचं नाव, नातं आणि वय लिहावं लागे. मतदार कार्डावर बाणूबाई बावन्न वर्षांची, शाळेच्या दाखल्यावर नागप्पा एक्केचाळीसचा. आई आणि मुलात निदान पंधरा वर्षांचं अंतर हवं, हा नियम माझाच. चौकट लाल झाली.

"कार्डवाला आला तवा मी मेंढरामागं होते," बाणूबाई म्हणाली. "शेजारनीनं अंदाजानं वय सांगितलं. रझाकाराच्या साली मी आपल्या पायानं पळालेली हाय. आता तूच मोज."

रझाकाराचं साल म्हणजे १९४८. नागप्पाचा जन्म दाखल्यावर एक जूनचा. आमच्याकडे निम्मा तालुका एक जूनलाच जन्मलेला आहे. डोक्यावरून हात पलीकडच्या कानाला लागला की गुरुजी पोराला शाळेत घेत आणि तारीख टाकून देत.

जगदेवीनं माझ्याकडे न बघता 'मुलगा' पुसून 'भाऊ' केलं. नोंद झाली. "आज्जी, उद्या कुणी विचारलं तर भाऊ हाय म्हणा."

"भाऊ कामून म्हणू? पोटचा हाय माझा."

"नुसतं मशिनीपुरतं ओ."

"दिसंना झालं म्हणून लेक वळखू येईना का मला? ऊठ रे नागप्पा. ऱ्हाऊ दे ते डोळे." आणि ती खरंच उठली. नागप्पा रडवेला होऊन एकदा आईकडे आणि एकदा आमच्याकडे बघू लागला.

मी जगदेवीवर भडकलो. "खोटं लिहायलीस? किती वेळा केलीस असं?"

तिनं संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. एकशे नव्वद नावं. त्यांत सदतीस बायकांच्या सोबतीला भाऊ. मधेच एक ओळ होती : राजूबाई, सोबत शिवराज, नातं भाऊ.

शिवराज म्हणजे मी. राजूबाई माझी आई.

"खरं लिहिलं की अडवतंय, खोटं लिहिलं की घेतंय," जगदेवी म्हणाली. "मी काय करू सांग."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चार दिवस मी त्या यादीकडे बघून मिशीला ताव देत होतो, एकही चूक नाही म्हणून.

"आज्जी, दहा मिनिटं बसा," म्हणत मी नियम बदलायला घेतला. लालचं पिवळं केलं. नुसतं बटण दाबून कुणी पुढं जाऊ नये म्हणून खाली कारणाची रिकामी ओळ ठेवली, ती भरल्याशिवाय सुटका नाही. जगदेवीनं त्यात लिहिलं : कार्डावरचं वय अंदाजानं घातलेलं, खरं वय साठीच्या पुढं.

"आता काय लिव्हलीस?" बाणूबाईनं विचारलं.

"मुलगा."

"हां." ती पुन्हा बसली आणि तिनं चहा मागितला. मग उरलेल्या छत्तीस ओळी आम्ही दोघांनी दुरुस्त केल्या. माझ्या आईच्या ओळीतलं कारण मलाच माहीत नव्हतं; ते जगदेवीनं भरलं.

संध्याकाळी घरी आलो तर आई मेथी निवडत होती. "तुझ्या कार्डावरचं वय चुकलंय," मी म्हणालो, "मला कामून सांगितली न्हाईस?"

"तुला?" तिनं मान वर केली. "तू ऐकून घ्यायच्या आदीच न्हाई म्हणतोस, बाळा. मला काय सांगायचं असलं की मी जगदेवीला सांगते."

ती रागानं बोलली नव्हती. सवयीनं बोलली होती.