देवीची झाडं

केदारखेड्याच्या शेडनेटमध्ये मिरचीच्या बियाण्याचं काम साळूबाईच्या टोळीकडे होतं. कळी उमलण्याआधी चिमट्याने तिचे परागकोष काढायचे, दुसऱ्या वाणाचे पराग लावायचे आणि देठाला लाल धागा बांधायचा. बिनधाग्याचं फळ झाडावर ठेवायचं नाही, कारण ते स्वतःच्याच परागावर धरलेलं असतं आणि त्याचं बी संकरित नसतं. बियाणे कंपनीची पर्यवेक्षक म्हणून हे सगळं सुमेधानेच बायकांना शिकवलं होतं.

कंपनीकडून तपासणीला आलेले बिभीषण सर पहिल्या ओळीच्या तोंडाशी वाकले. झाड मिरच्यांनी लगडलेलं होतं, पण धागा एकही नव्हता. दुसऱ्या ओळीचं पहिलं झाड तसंच. तिसऱ्या ओळीचंही.

"मॅडम, हे काय?"

"विचारून सांगते," सुमेधा म्हणाली आणि बायकांकडे गेली.

साळूबाईने चिमटा पदराला पुसला. "ते व्हय? ते रेणुकाईचं हाय, ताई. ओळीतलं पहिलं झाड देवीला सोडलंय. त्याला चिमटा लावला न्हाई."

"मला सांगितलं का नाही?"

"देवाधर्माचं काय सांगायचं?"

"मी म्हणले होते, आत्या, ताईला इचारा," वर्षाराणी मागून म्हणाली.

"म्हणली होतीस. अन् झाडाच्या पाया बी पहिली तूच पडली होतीस."

सुमेधा मधल्या ओळींतून सावकाश फिरली. कामचुकारपणा असता तर बिनधाग्याची फळं मधेही सापडली असती. तिथे एकही नव्हतं. चूक होती, पण हलगर्जी नव्हती.

ती परत आली तेव्हा बायकांचं बोलणं ऐकून बिभीषण सरांनी पेन काढलं होतं. "टोळी बदलू. सिल्लोडकडची एक मोकळी आहे. कुणी केलं त्यांची नावं द्या."

बायका हात थांबवून बघत होत्या. घरापासून पायी येता येईल असं दुसरं काम त्यांना या हंगामात मिळणार नव्हतं.

"नाव माझं लिहा," सुमेधा म्हणाली. "हे नेट तपासायचं काम माझं आहे. मी मधल्या ओळी बघत गेले, तोंडाशी वाकले नाही. फळं अजून झाडावरच आहेत, तोडणी सुरू व्हायचीय. ही झाडं आज उपटली की बियाण्यात भेसळ होणार नाही."

"आणि परत असं झालं तर?"

"तर टोळीबरोबर मलाही बदला."

बिभीषण सर वळले. मधल्या ओळींत शिरून बराच वेळ धागे बघत राहिले. बाहेर आल्यावर पेन खिशाला लावलं. "टोळी राहू द्या. झाडं उपटल्याचे फोटो संध्याकाळपर्यंत पाठवा."

त्यांची गाडी भोकरदनच्या रस्त्याला लागली. देवीची झाडं या बायकांना कशी उपटायला लावायची, असं वाटून सुमेधाने स्वतःच पहिल्या झाडाच्या बुंध्याला हात घातला. साळूबाईने तिचं मनगट धरलं.

"थांबा. आम्ही काय लेकरं हाओत का? तुम्ही सायबापुढं उभ्या राह्यल्या, तेवढं बास झालं. उपटायचं काम आमचं."

"पण देवीचं..."

"तुम्ही उपटलं तर ती तुमच्यावर रुसंल. आमच्यावर रुसली तर समजूत काढता येती. घरचीच हाय."

साळूबाईने झाडाच्या बुडाशी हात टेकून कपाळाला लावला आणि एका हिसक्यात झाड मुळासकट वर काढलं. वर्षाराणी दुसऱ्या ओळीकडे वळली. "माफ कर माय, कंपनीचा माल हाय!" बायका खळखळून हसल्या.

सुमेधाने हात मागे बांधले आणि ते तसेच राहू दिले. सगळ्या ओळींची तोंडं मोकळी झाल्यावर तिने फोटो काढले.

"ताई," साळूबाई पायाची माती झटकत म्हणाली, "दाराबाहेर देवीला एक झाड लावू द्या. कोणतं लावावं?"

"मिरची सोडून कोणतंही."