कोटाच्या आतल्या टिपा

मी एक करडा कोट बोलतोय. लोकरीचा, आतून मऊ अस्तराचा, चार बटणांचा. आपल्याच तोंडाने आपली स्तुती करू नये, पण माझे खांदे असे बसवलेत की बघणाऱ्याने शिंप्याचा पत्ता विचारावा. खरं सांगायचं तर सगळा घोळ तिथेच झाला.

मला शिवलं एका शिंप्याने, स्वतःच्या लेकीसाठी. ती तेव्हा पंधरा वर्षांची होती. घरात तिला सगळे लाडाने ढब्बू म्हणायचे. वाढतं अंग म्हणून शिंप्याने शिवणीत भरपूर माया, म्हणजे जादा कापड, सोडली होती; पुढे सैल करावा लागेल, असा त्याचा अंदाज. ती मला घालून आरशासमोर गोल फिरली आणि खिशात शेंगदाणे भरून मैत्रिणीला दाखवायला पळाली.

पुढच्या हिवाळ्यात तिने मला बापाच्या टेबलावर आणून ठेवलं. "बाबा, सैल होतोय. थोडा आत घेऊन द्या ना."

शिंपी खूश झाला. "पोरगी उंच झाली, अंग कसं शिडशिडीत झालंय बघ," तो बायकोला म्हणाला आणि त्याने एक टीप मारली. थोड्या दिवसांनी दुसरी मारली. तिसऱ्या वेळी त्याचा हात मशीनच्या चाकावर थबकला. मापाची फीत त्याने दोनदा लावून पाहिली, मग ती गुंडाळून खिशात टाकली आणि मूग गिळून काम पुरं केलं. त्याने माझ्या खांद्यांत कापसाच्या गाद्या भरल्या, छातीला अस्तराचा जादा थर दिला. गिऱ्हाइकाच्या अंगातलं उणं कापडाने झाकायचं, हेच त्याने जन्मभर केलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. तेही इतकं झकास झाकलं की शाळेतल्या बाईंना कळलं नाही, मावशीलाही कळलं नाही. "काय रुबाबदार दिसतेस गं," असं मावशी वर म्हणाली.

मला मात्र कळत होतं. भर दुपारी सगळे घामाघूम झाले तरी ती मला काढत नसे, तिला सारखी थंडी वाजायची. तिच्या बरगड्या माझ्या अस्तराला घासायच्या. जेवणाची हाक आली की तिचं काळीज असं धडधडायचं, जणू ताटातून कुणी अंगावर धावून येणार आहे. लोक म्हणतात, आजकालच्या पोरींचे नखरे. अहो, नखरे करताना माणूस इतकं घाबरत नाही. भूक तिला लागायची. पण आरशात तिला अजून ती जुनी ढब्बूच दिसायची, आणि कुणी काही वेगळं सांगितलं तर ते खोटं वाटायचं.

आई विनवायची, चिडायची, शेवटी रडायची. "माझ्यासाठी एक घास," म्हणायची. बाप म्हणायचा, "खाईल गं, वयच आहे तसं." आणि दुसऱ्या दिवशी माझ्यात आणखी एक टीप पडायची. मला त्याचा राग येतो. त्याची दयाही येते.

सतरावं सरता सरता ती जिन्यात कोसळली. दवाखान्यात सिस्टरने मला तिच्या अंगावरून काढलं आणि आतली हाडं बघून डॉक्टरबाईंना हाक मारली.

"हे कधीपासून?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"झाले असतील दोन-तीन महिने," शिंपी म्हणाला.

सिस्टर घडी घालायला मला उलटं करत होती. आत टिपांच्या ओळी होत्या, एकीच्या आत एक, अशा सात. काही जुन्या, मळलेल्या दोऱ्याच्या. तिने त्या डॉक्टरबाईंना दाखवल्या. "हा आत कोणी घेतला?"

शिंप्याने मला तिच्या हातातून घेतलं. "मीच. दोन वर्षं होत आली."

डॉक्टरबाई ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "हा आजार आहे. तिने मुद्दाम केलेलं नाही, आणि तो तुमच्यामुळे झाला असंही नाही. पण मधे वेळ फार गेला. तिचं हृदय थकलंय." मग त्यांनी समजावलं. ताटावरून भांडायचं नाही. बारीक झालीस, भरलीस, असलं काही बोलायचं नाही. तिच्याजवळ बसायचं, पण आजार जे मागेल ते त्याला द्यायचं नाही.

त्यानंतर ती दोनदा घरी आली आणि दोनदा परत दवाखान्यात गेली. गेल्या महिन्यात तिथल्या खाटेवर मला पांघरून बसली असताना ती बापाला म्हणाली, "बाबा, सैल होतोय. शेवटचं एकदा आत घ्या."

शिंप्याने स्टूल खाटेजवळ ओढलं. "नाही घेणार, बाळा. मी इथेच बसतो. पण हे आता करणार नाही."

तिने मला काढून त्याच्या अंगावर भिरकावलं आणि भिंतीकडे तोंड केलं. त्या दिवसापासून ती त्याच्याशी बोललेली नाही. तो रोज जातो, तिच्या पाठीकडे बघत स्टुलावर बसतो आणि परत येतो. ती वाचेल का, असं आता तो विचारत नाही. डॉक्टरबाईही आपणहून काही सांगत नाहीत.

मी दुकानात खुंटीला टांगलेला असतो. शिंप्याने माझ्या साऱ्या टिपा उसवल्या, पण सुईची भोकं काही बुजली नाहीत. माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरात कुणी असं आटत चाललं असेल, तर चारचौघांत कसं दिसेल याची काळजी करू नका. दिसू द्या. लवकर दिसू द्या.

काल एक बाई मुलीचा स्कर्ट घेऊन आल्या. "कंबरेत आत घ्यायचाय. तिसरी खेप ही. हल्ली पोरीच्या अंगावर काही टिकतच नाही बघा," म्हणून हसल्या.

शिंप्याने स्कर्टला हात लावला नाही. मला खुंटीवरून काढून टेबलावर उलटं पसरलं, भोकांच्या ओळींवरून बोट फिरवलं आणि आपल्या लेकीचं सगळं सांगितलं. "ताई, शिलाई नको. तिला डॉक्टरकडे न्या. आजच न्या."

बाईंचा चेहरा उतरला. मग त्यांनी स्कर्ट पिशवीत कोंबला. "आमची ठणठणीत आहे," म्हणाल्या आणि पायऱ्या उतरून गेल्या.

आमच्या शेजारी आणखी एका शिंप्याचं दुकान आहे. थोड्या वेळाने तिथलं मशीन सुरू झालं.