लॅपटॉपची गादी

सोमवारी, तास सुरू होऊन अडतीस मिनिटं झाली असताना, माझ्या लॅपटॉपने वाक्याच्या मध्येच मान टाकली. सर सांगत होते, "या तुळईवर येणारा सगळा भार..." आणि मी "भार" टाइप केलं होतं की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. पडदा काळा झाला. इतका वेळ उड्डाण करायच्या बेतात असल्यासारखा घोंघावणारा आतला पंखाही गप्प झाला.

माझं काम साधं आहे. कॉलेजातला तास मी घरी बसून हेडफोनमधून ऐकते आणि सर जे बोलतील ते, बोलतील तसं, टाइप करत जाते. ते शब्द एका मुलीच्या पडद्यावर उमटतात. ती पहिल्या बाकावर बसते, पूल बांधायला शिकते आणि तिला ऐकू येत नाही. ओठांवरून थोडंफार कळतं तिला, पण सर फळ्याकडे तोंड करून बोलणाऱ्यांतले. वर्गातल्या कॅमेऱ्यातून मला दिसतं ते हेच: सरांची पाठ, अर्धा फळा आणि पहिले दोन बाक. सरांची पाठ तिच्याकडे असली की तिची सगळी भिस्त माझ्या दहा बोटांवर.

बोटांबद्दल मला कधीच शंका नव्हती. लेक होण्याआधी चार वर्षं मी हेच करत होते. भरभर बोलणारे, पुटपुटणारे, खोकत खोकत सूत्रं सांगणारे, सगळे या बोटांखालून गेलेत. रजेनंतरचा हा माझा तिसराच तास होता, आणि बोटं जणू कालच थांबली होती अशी चालत होती. थांबला तो लॅपटॉप.

तो थंड होऊन पुन्हा सुरू होईपर्यंत तास संपला. दुपारी कॉलेजच्या मदत केंद्रातल्या मॅडमचा फोन आला.

"ती काही बोलली नाही हं," मॅडम म्हणाल्या. "तक्रार करणारी मुलगी नाहीच ती. पण मी दारातून पाहिलं. तास संपेपर्यंत बिचारी त्या रिकाम्या पडद्याकडे बघत बसली होती, आता येईल, मग येईल."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुमचं काम चांगलं आहे, त्याबद्दल वादच नाही. पण गुरुवारी पुन्हा असं झालं तर मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल. तिची परीक्षा आहे पुढच्या महिन्यात."

"नाही होणार," मी म्हटलं. कशाच्या जोरावर म्हटलं ते माझं मलाच माहीत नव्हतं.

संध्याकाळी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो लॅपटॉपला हात लावून म्हणाला, "अगं, हा तर फणफणलाय." मग जाऊन लेकीचा कपाळाला दाखवायचा थर्मामीटर घेऊन आला आणि लॅपटॉपच्या पाठीला लावला. थर्मामीटरने आकडा दाखवलाच नाही. तांबडा दिवा लावून चीं चीं करत बसला.

"डॉक्टरांना फोन लाव," नवरा म्हणाला. "तोवर पाण्याच्या पट्ट्या ठेव. म्हणजे, खरंच ठेवू नकोस."

मंगळवारी सकाळी दुरुस्तीच्या दुकानात फोन केला.

"ठेवून जा ताई, पुढच्या आठवड्यात बघू."

"मला गुरुवारी हवाय."

"मग वापरा की. लॅपटॉप गरम होतातच."

"किती?"

"किती म्हणजे?"

"किती गरम झालेला चालतो?"

तो जरा विचारात पडला. "हात लावला की कळतं," म्हणाला आणि फोन ठेवला.

मला हाताने कळत नव्हतं. आमची ढब्बू, म्हणजे आठ महिन्यांची लेक, दुपारी झोपली तशी मी शोधाशोध केली आणि आतलं तापमान पडद्याच्या कोपऱ्यात दाखवणारा एक छोटा प्रोग्राम टाकून घेतला. तासभर वाचल्यावर एवढं समजलं की रोजच्या साध्या कामात, चार खिडक्या उघड्या आणि एक व्हिडिओ कॉल चालू असताना, आत साठ-सत्तर अंश असणं काही विशेष नाही. बाहेरून मांडीला ऊब लागणारच. पण शंभराच्या आसपास गेला की तो स्वतःला वाचवायला स्वतःच बंद होतो. शहाणपणाचं आहे, फक्त आधी मला विचारायला हवं होतं.

बसले होते नेहमीसारखीच. नेहमीसारखी म्हणजे पलंगावर, पाय पसरून. ढब्बूला झोपेत माझ्या मांडीला डोकं टेकवलेलं लागतं. तेवढं असेल तर ती दीड तास झोपते, नसेल तर दहा मिनिटं. दुसऱ्या मांडीवर लॅपटॉप, आणि त्याच्याखाली सासूबाईंनी शिवलेली गादी. पहिल्या दिवशी माझी मांडी लालबुंद झालेली त्यांनी पाहिली आणि दुसऱ्या दिवशी बरोबर लॅपटॉपच्या मापाची, कापूस भरलेली, कडेने दोरा घातलेली गादी माझ्या हातात ठेवली. ढब्बूच्या गादीपेक्षा ती जास्त सुबक झाली होती.

मग एक जुना तास लावला आणि टाइप करू लागले. एकाहत्तर. एकोणऐंशी. अठ्ठ्याऐंशी. पंचविसाव्या मिनिटाला सत्त्याण्णव.

मी लॅपटॉप उचलून गादीची वरची बाजू पाहिली, मग लॅपटॉपची. त्याच्या पोटाला बारीक फटींची रांग आहे. हवा तिथून आत जाते. ती रांग मऊ कापसात पार रुतून बसली होती.

ढब्बू उठल्यावर मी लॅपटॉप टेबलावर नेला आणि पुन्हा तोच तास लावला. सुधारला, पण पुरता नाही. शहाऐंशीवर जाऊन रेंगाळला आणि तिथून एकेक अंश वर सरकत राहिला. म्हणजे गादी हे अर्धंच कारण होतं.

तेवढ्यात सासूबाई आल्या. पलंगावर एकटी पडलेली गादी त्यांना दिसली.

"ही का काढलीस?"

"अशीच हो आई."

"अशीच कशी? टोचते का?"

"नाही हो, फार मऊ आहे."

"रंग आवडला नसेल तर तसं सांग. अभ्रा बदलून देते."

त्या एकतीस वर्षं कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीनवर होत्या. त्यांनी शिवलेलं नाकारणं म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. पण गुरुवार परवावर आला होता. मी लॅपटॉप उलटा केला आणि फटी दाखवल्या. "हा इथून श्वास घेतो, आई."

त्यांनी चष्मा लावला. फटींवरून बोट फिरवलं.

"म्हणजे मी याच्या नाकावर उशी ठेवली."

"तुम्ही माझी मांडी वाचवलीत."

"मांडीचं राहू दे. आतून शेवटचं कधी साफ केलंस हे?"

"आतून?"

"आतून म्हणजे आतून. उघडून."

"कधीच नाही. तीन वर्षं झाली घेऊन."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी तीन वर्षं केस विंचरले नाहीत असं वाटावं. "चालतं मशीन तीन वर्षं उघडलं नाहीस? आम्ही दर शनिवारी उघडायचो. नाही उघडलं तर सोमवारी सुपरवायझर आमचीच साफसफाई करायची. उद्या दुपारी बस माझ्यापुढे."

बुधवारी ढब्बूला जमिनीवर सतरंजीवर ठेवलं, दोन डबे आणि एक चमचा दिला. सासूबाईंनी टेबलावर पांढरा कागद पसरला, त्यावर पेन्सिलीने लॅपटॉपचा चौकोन काढला, आणि मी एकेक स्क्रू काढत गेले तसा तो चौकोनात नेमक्या त्याच्या जागी टोचून ठेवत गेल्या. "कोपऱ्यातला लांब आहे बघ. मधला तिथे बसवलास तर खुशाल बसेल, पण धरणार नाही." मी आधी बॅटरीची पिन काढली. त्यांनी मान डोलावली. मशीन उघडताना त्याही प्लग आधी काढतात.

पंख्याच्या पलीकडे तांब्याच्या नळीला बारीक पत्र्यांची जाळी असते. गरम हवा तिच्यातून बाहेर जाते. आमच्या जाळीवर दाबलेल्या लोकरीसारखा धुळीचा जाड थर बसला होता. मी फुंकर मारायला वाकले.

"फुंकू नकोस. थुंकी उडते." त्यांनी आपला मशीनचा ब्रश पुढे केला. "आणि पाती बोटाने धरून ठेव, उगाच गरगर फिरवू नकोस."

थर अख्खा निघाला, टाचणीने उचलता आला. त्यांनी तो तळहातावर घेऊन उजेडात धरला आणि एखादं पत्र वाचावं तसा वाचू लागल्या. "हे पिवळं ढब्बूच्या दुपट्याचं. हे करडं माझ्या लेकाच्या मोज्यांचं, दुसरं कशाचं असणार. हा काळा केस तुझा. आणि हा," त्यांचा आवाज जरा उतरला, "हा पांढरा कापूस माझा."

"थोडाच आहे," मी म्हटलं.

"आठ दिवसांत एवढा? थोडा नाही. कापूस मी नेहमी पिंजून भरते, तोच उडाला." मग त्यांनी तो गोळा कागदात गुंडाळून टाकला आणि विषय संपवला. "चल, झाकण लाव."

बटण दाबलं, तर काहीच झालं नाही. सासूबाईंनी शांतपणे विचारलं, "प्लग?" बॅटरीची पिन मी परत लावलीच नव्हती. पुन्हा अकरा स्क्रू. दुसऱ्यांदा दाबलं आणि तो उठला, इतक्या दबक्या आवाजात की मी कान लावून पाहिलं.

गुरुवारी टेबल पलंगाच्या कडेला सरकवलं. ढब्बूला झोपवताना मांडीऐवजी उशीचा टेकू दिला. दहाला तास सुरू झाला. अठ्ठावन्न. चौसष्ट. सर तुळयांवरून कमानींवर आले होते.

बाविसाव्या मिनिटाला ढब्बू उठली. टेकू जागेवर होता, तरी उठली. टाइप करता करता मला एकदम उमगलं: इतके दिवस ती ज्या घरघरीवर झोपायची ती घरघरच आता नव्हती. तिने ओठ काढले, मग सूर लावला. माझं बोट अडखळलं, "कमान" दोनदा लिहिलं गेलं. मी मागे वळले नाही. सासूबाई आत आल्या, तिला उचललं आणि दार ओढून घेतलं. रडणं भिंतीपलीकडून येतच राहिलं.

मग भिंतीपलीकडे शिलाई मशीन सुरू झालं. एकसारखं, न थांबता, कुठलीही शिवण इतकी लांब नसते. रडणं तुटक झालं आणि थांबलं. त्यांनी नंतर सांगितलं की सुई काढून ठेवली होती. लेकरू खांद्यावर, पाय पॅडलवर.

छत्तिसावं मिनिट. सदतिसावं. कोपऱ्यात एकाहत्तर. अडतिसावं मिनिट सर फळा पुसत असताना गेलं, मला लिहायला काही नव्हतं म्हणून मी ते जाताना पाहिलं. त्यानंतर कोपऱ्याकडे पाहिलं नाही.

शेवटी सरांनी एका जुन्या पुलाचं चित्र लावलं. फळ्याकडे तोंड करूनच म्हणाले, "हा साठ वर्षं उभा आहे. कारण सोपं आहे. मी त्याच्या जवळपासही गेलेलो नाही."

वर्ग हसला. मी लिहीत होते. पहिल्या बाकावरच्या मुलीची मान पडद्याकडे होती. माझे शब्द तिच्यापर्यंत पोचायला दोनेक सेकंद लागतात. बाकीच्यांचं हसू ओसरत आलं होतं तेव्हा तिचं फुटलं, एकदम मोठ्याने. तिने तोंडावर हात धरला आणि शेजारणीला काहीतरी सांगितलं. शेजारीण दुसऱ्यांदा हसली.

सर पुढचं वाक्य सुरू करत होते. मी ते पकडलं.